बटणं काढलेला सदरा

आमच्या अंगणात एक साग आहे. तो वडिलांनी लावला की आपसूक उगवला, यावर घरात दोन मतं आहेत. माघात त्याची पानं कोणी झाडायची यावर मात्र एकमत आहे. ती मी झाडतो. निवृत्त माणसाला घरात जी खाती मिळतात, त्यांत अंगण हे बरंच मानाचं खातं समजायचं. त्याच्या खाली फक्त गिरणी आणि वीजबिल.

सागाचं पान म्हणजे चिंचेचा पाला नव्हे. सुपाएवढं पान, वाळलं की पापडासारखं कडक. रात्री पडलं तर फाटक वाजल्यासारखा आवाज होतो आणि बायको मला उठवून बघायला पाठवते. सकाळी एक पान उचलून पाठ सरळ करावी, तर पाठीमागे दुसरं टपकलेलं असतं. भंडाऱ्याच्या या भागाला झाडीपट्टी म्हणतात, इथल्या बोलीला झाडीबोली. मुलखाच्या नावातच झाडी म्हटल्यावर झाडणं कोणाला चुकलंय?

पहिल्या वर्षी मी झाडावर फार चिडायचो. पावसाळाभर मेहनत करून एवढी पानं उभी करायची आणि चार महिन्यांत सगळी अंगणात फेकून द्यायची, हा कुठला कारभार? मी आयुष्यभर कचेरीत हिशेब लिहिले. एवढी उधळपट्टी एखाद्या खात्याने केली असती तर लेखापरीक्षणात शेरा पडला असता. शेजारचे काकाजी कुंपणापाशी तंबाखू मळत उभे होते. त्यांना मी म्हटलं, "किती उधळं झाड आहे बघा!"

काकाजींनी तंबाखूवर थाप मारली. "उधळं काहून जी? सारं काढून घेते, अन् मंग पडू देते."

मला एकदम आईचा डबा आठवला.

आमची आई सदरा फाटला म्हणून कधी टाकून देत नसे. आधी ती दारातल्या उजेडात बसायची आणि दाढीच्या जुन्या पात्याने त्याचं एकेक बटण सोडवायची. कॉलर उलटवण्याजोगी असेल तर तीही वेगळी निघायची. मग सदऱ्याचं फडकं व्हायचं, फडक्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचं काय व्हायचं ते फक्त चुलीलाच ठाऊक. बटणं बोर्नव्हिटाच्या डब्यात जायची. पुढच्या वर्षी शाळेच्या नव्या सदऱ्याला तीच लागायची. चार पांढरी आणि एक किंचित पिवळट. त्या पाचव्या बटणावरून वर्गातली पोरं मला ओळखायची.

झाड हुबेहूब हेच करतं. पानाचा हिरवा रंग ज्यामुळे असतो ते हरितद्रव्य आणि अन्न तयार करणारी प्रथिनं यांत नत्र ठासून भरलेलं असतं. पान म्हातारं झालं की झाड हा कारखाना मोडीत काढतं. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे मोडीचा व्यवहार आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. जुनी गळकी घागर द्यायची, तिचं वजन करून मोडीचा भाव लावायचा आणि नव्या भांड्यात तो वळता करायचा. झाडही प्रथिनं मोडतं, पानातलं नत्र आणि स्फुरद सुटं करतं आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून देठावाटे मागे फांदीत, सालीत, मुळांत नेऊन ठेवतं. जगभरच्या झाडांची हिरवी पानं आणि गळलेली पानं तपासून अभ्यासकांनी या वसुलीची सरासरी काढली आहे. नत्र आणि स्फुरद या दोन्हींतलं साधारण निम्मं, कित्येकदा निम्म्याहून जास्त, झाड परत मिळवतं. मी नोकरीत एवढी वसुली कधी पाहिली नाही.

म्हणजे ज्याला आपण पान पिकणं म्हणतो, तो खरं तर चार्ज देण्याचा कार्यक्रम असतो. हिरवं निघून गेलं की खाली दबलेला पिवळा रंग दिसू लागतो. तो तिथे आधीपासूनच होता, हिरव्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. चार्ज देऊन झाला की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि फांदीच्या बाजूने बुचासारखं झाकण बसतं. मग वारा हे निव्वळ निमित्त. मला निवृत्त होताना ना-देय प्रमाणपत्रासाठी सात टेबलं फिरावी लागली होती आणि एका स्टेपलरवरून माझी फाइल अडली होती. पानाचं सगळं एका देठात आटोपतं.

ही युक्ती एकट्या सागाची नाही. आमचा जिल्हा धानाचा. दिवाळीच्या सुमाराला बांध्या पिवळ्या पडतात तेव्हा पाहणारे म्हणतात, काय सोनं पिकलंय! सोनं खरंच, पण पानांतून काढून लोंबीत भरलेलं. धानाचं पान स्वतःतलं नत्र दाण्याला देऊन टाकतं. उरतं ते तणस. गाय ते खाते आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही.

आता गंमत अशी की सगळीच बटणं निघत नाहीत. कॅल्शियम, म्हणजे आपला चुना, पाण्याच्या नळ्यांतून पानात चढतो; पण साखरेच्या नळ्यांतून त्याला परत जवळजवळ उतरता येत नाही. पानाच्या घरी तो घरजावई म्हणून राहतो. जितकं पान जुनं तितका चुना जास्त. सागाला तर चुन्याची भारी हौस. शेवटी नत्र-स्फुरद काढून घेतलेलं, चुना भरलेलं पान तो खाली सोडतो. म्हणजे झाड जमिनीला अक्षरशः चुना लावतं. फरक एवढाच की माणसाने लावलेल्या चुन्याने समोरचा बुडतो आणि झाडाने लावलेल्याने जमिनीचा आंबटपणा कमी होतो, गांडुळांचं बरं चालतं.

पानांतून परत घेतलेली नत्र-स्फुरदाची शिल्लक झाड कशासाठी ठेवतं, ते चैत्रात कोका अभयारण्याच्या बाजूला गेलं की कळतं. भंडाऱ्याहून ते फार लांब नाही; २०१३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे त्या दिवसांत जमीन तापलेली असते, वरची माती वीतभर खोल कोरडी ठक्क. कोरड्या मातीतून मुळांना अन्न ओढता येत नाही. युरियाचं पोतं ओतलं तरी ते तसंच पडून राहील. आणि नेमक्या त्या वेळी कुसुमाला लालबुंद पालवी फुटते. मोह आधी फुलं गाळतो, मग तांबूस पानं काढतो. पळस तर अंगावर एक पान नसताना केशरी होतो. पळसाला पानं तीनच हे आपण म्हणीत म्हणतो, पण फाल्गुनात तीही नसतात. पाणी खोल मुळांतून आणि खोडातल्या साठ्यातून येतं, आणि बाकीचा बराचसा खर्च त्या बोर्नव्हिटाच्या डब्यातून होतो. गेल्या वर्षीच्या पानांची बटणं यंदाच्या पालवीला लागतात.

या व्यवहारात एकच झाड दरवर्षी फसतं. तेंदू. एप्रिल-मेमध्ये त्याची कोवळी, भरलेली हिरवी पानं विडीसाठी तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. ऐन उन्हाळ्यात हाताला काम नसताना त्या पुड्यांवर आमच्याकडची कितीतरी घरं चालतात, म्हणून तक्रार कोणाविरुद्ध करायची नाही. पण हिशेब म्हणून पाहिलं तर सदरा बटणांसकट गेला. तेंदू मुळांतली शिल्लक मोडून पुन्हा पानं काढतो, आणि त्याच्या नत्राचा शेवट कुठल्यातरी पारावर धुराच्या वर्तुळात होतो.

तसा आमचा जिल्हाही एकदा फसला आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याची पानगळ झाली आणि गोंदिया वेगळा पडला. झाडासारखं आधी काही काढून घ्यावं हे आम्हाला सुचलं नाही. नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन्ही बटणं सदऱ्यासोबत गेली.

असो. खाली पडलेल्या पानाचं काय? उन्हाळाभर ते नुसतं पडून असतं. वाळवी तेवढी अंधारात कुरतडत राहते. मृगाचा पाऊस आला की बुरशी, गांडुळं, किडे असे सगळे एकदम कामावर रुजू होतात. पानात मागे राहिलेला पालाश पहिल्या पाण्यातच सुटतो, बाकीचं हळूहळू. मातीत पसरलेल्या मुळ्या आणि त्यांना चिकटलेले बुरशीचे धागे ते टिपून पुन्हा वर पाठवतात. बुडीत धरलेली रक्कमही अशी वसूल होते. पावसाळ्यात वारुळांवर सात्या उगवतात. वाळवी पालापाचोळा नेऊन वारुळात बुरशीची शेती करते, तिचंच ते छत्रीसारखं पीक. सात्यांची भाजी खाताना आपण गेल्या माघातलं रान खात असतो. काही पाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर वाहत बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत जातो, गाळ होतो, आणि उन्हाळ्यात तो गाळ बांधीत येऊन पडतो. झाडाने सोडलेलं फडकंही वाया जात नाही, फक्त वाटेत आपण आडवे यायला नको.

आणि आपण नेमके येतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि कधी तो विस्तव रानात शिरतो. गावात तर कारणही लागत नाही. पानं गोळा झाली की हात आपोआप काडेपेटीकडे जातो. माझाही जायचा. पाचोळा जळला की त्यात उरलेलं नत्र धुराबरोबर जातं. राखेत चुना आणि पालाश राहतो, पण वारा आणि पहिला पाऊस त्याला फार वेळ थांबू देत नाहीत. गांडुळांच्या वाट्याला काळा डाग येतो आणि शेजारच्यांच्या वाट्याला खोकला.

गेल्या वर्षी मी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. पानं झाडायची, खड्ड्यात टाकायची, वरून थोडं शेण आणि माती. बायकोने विचारलं, यासाठी निवृत्त झालात काय? काकाजी कुंपणापलीकडून फक्त हसले. दिवाळीनंतर खड्डा उपसला तेव्हा त्यातलं सुपाएवढं एकही पान ओळखू येत नव्हतं. हाताला लागली ती काळी, भुसभुशीत माती. वांग्यांना घातली. वांगी कशी आली ते सांगत नाही, उगाच दृष्ट लागायची.

माघात तुमच्याही अंगणात पानं पडतील. काडेपेटी शोधण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की बटणं झाडाने आधीच काढून घेतलेली आहेत आणि उरलेलं फडकं जमिनीच्या मालकीचं आहे. त्यात आपलं काहीच नाही. आपल्याकडे फक्त झाडण्याचं खातं आहे.