मिनिकॉयवाले मामा

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी गृहस्थ असा असतो, की लहानपणी त्यानं काहीतरी एकदाच बघितलेलं असतं आणि पुढचा सगळा जन्म त्याच्या व्याजावर निघतो. कुणाकडं बघून पंडित नेहरूंनी हात हलवलेला असतो, कुणाला दादर स्टेशनात दिलीपकुमार दिसलेला असतो. ही जमात आता कमी होत चाललीय, कारण हल्ली सगळ्यांनीच सगळं मोबाइलवर बघितलेलं असतं. पण आमच्या अहमदपुरात तिचा एक अस्सल नमुना शिल्लक आहे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गाव त्यांना मिनिकॉयवाले मामा म्हणतं.

मामांचं सगळं मुद्दल एका उन्हाळी सुट्टीचं. साल १९७८. त्यांचे चुलते हवामान खात्यात, आणि खात्यानं त्यांना टाकलं लक्षद्वीपच्या पार दक्षिण टोकाला, मिनिकॉय बेटावर. दहा वर्षांच्या पुतण्याला काकू सोबत घेऊन गेली. तेव्हा लातूर जिल्हा जन्मायचा होता. तो झाला १९८२ च्या ऑगस्टात. अहमदपूर उस्मानाबादेत होतं. एस.टी.नं लातूर, तिथून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, मग मोठ्या गाड्या बदलत कोचीन आणि पुढं जहाज. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात मामा ही वाट सांगायला बसले, की पहिला चहा कुर्डुवाडीला येतो, दुसरा कोचीनला. जहाजावर पाय ठेवेपर्यंत पैसे कोण देणार हे ठरलेलं असतं, आणि ते मामा नसतात.

जहाज बेटाला टेकत नाही, इथं खरी कथा सुरू होते. भोवती प्रवाळाचा कठडा, आत उथळ निळं पाणी. म्हणून जहाज बाहेरच खोल समुद्रात उभं राहतं आणि त्याच्या कुशीतल्या दारातून माणसं खालच्या होडीत उतरतात. इथवर आले, की मामा बाकावर उभे राहतात. एक पाय बाकावर, दुसरा अधांतरी, धोतराचा सोगा वर.

“होडी वर आली, की दोघं जण दंड धरायचे अन् वरडायचे. भाषा कळंना. तिथली महल भाषा, मालदीवकडची. बाकीच्या बेटांवाले मलयाळमकडचे. पण उडी मार म्हणलेलं कुठल्याबी भाषेत कळतं. होडी वर असतानाच मारायची. खाली गेल्यावर मारली तर ती उडी नव्हं, जलसमाधी!”

आणि मामा उडी मारतात. हॉटेलवाला तेवढ्यापुरत्या बश्या बाजूला घेतो.

श्रोते मात्र अहमदपूरचे. निळ्या पाण्याचं त्यांना काही पडलेलं नसतं.

“मामा, रान किती असंल?”

“सगळं बेट बाराशे एकराच्या आत.”

“सगळं? म्हणजे आमच्या एका गावाचा शिवार की हो! अन् पिकतं काय?”

“नारळ.”

“नुसतं नारळ? मग पेरायचं काय? देवाला फोडून फोडून किती फोडायचं?”

मामा दीपस्तंभावर येतात. तो इंग्रजांनी १८८५ साली बांधला. ह्या सालाला मामांनी आजवर धक्का लावलेला नाही, पण पायऱ्या दर उन्हाळ्यात वाढतात. माशांवर आले, की जरा अडचण होते. मिनिकॉय म्हणजे ट्यूना. गळ टाकून एकेक मासा ओढायचा. १९६९ पासून तिथं तो डबाबंद करायचा कारखानासुद्धा आहे. पण मामांच्या घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. त्यामुळं ट्यूनाविषयी त्यांचं सगळं ज्ञान नाकावाटे झालेलं. सुट्टीभर पोरानं भात आणि खोबरं खाल्लं आणि नाक धरून समुद्र बघितला.

सभा खरी जिंकतात ते शेवटच्या पत्त्यावर. “बेटावर कुत्रं नाही. अन् साप नाही.”

हॉटेल गप्प होतं. रात्री दोनला लाइट आली, की बॅटरी घेऊन रानात मोटार चालू करायला जाणारी माणसं ती. समुद्राला दाद न देणारा म्हातारा पाटील बिडी विझवून विचारतो, “एकबी नाही?”

“एकबी नाही.”

“मग जमीन चांगली हाय.”

मामांच्या पाकिटात पुरावा असतो: एक कवडी. ती हातोहात फिरते. एकदा कुणीतरी फणकाऱ्यानं म्हणालं, “अशा कवड्या तर आमच्या आराधीणबाईच्या माळंत ढीगभर हायत.” मामा शांतपणे म्हणाले, “अन् त्या कुठून आल्या? तुळजापूरला समुद्र हाय का? भवानीच्या गळ्यात जे पडलं, ते आमच्या मालदीवच्या अंगणातलं.” ‘आमच्या’ मालदीववर कुणी हरकत घेतली नाही. वेळ अमावास्येला शेतात भज्जी-आंबील झाली, की ते काडीनं मातीत अख्खा अरबी समुद्र काढतात. वर बाकीची बेटं, मग दोनशे किलोमीटरची मोकळी नाइन डिग्री चॅनल, तिच्याखाली चंद्रकोरीसारखं एकटं मिनिकॉय, त्याखाली एट डिग्री चॅनल. “मालदीववरून पाय काढा,” असं ते यजमानाला त्याच्याच रानात सांगतात.

वर्षभर हे सगळं करमणुकीत जमा. मामांना खरा मान मिळतो तो रोहिणी नक्षत्रात. चुलते तिथं करायचे काय, तर हायड्रोजनचा मोठा फुगा आभाळात सोडायचे आणि वारं मोजायचे. “फुगे सोडायला सरकार पगार देतंय?” म्हणून गाव पूर्वी हसायचं. मग कुणीतरी पेपरात वाचलं, की केरळात मान्सून आला हे जाहीर करायला हवामान खातं चौदा ठिकाणांचा पाऊस बघतं. १० मेनंतर त्यांतल्या साठ टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी पडला पाहिजे. शिवाय वाऱ्याच्या अटी वेगळ्या. आणि त्या चौदांच्या यादीत पहिलं नाव मिनिकॉय!

त्या दिवसापासून मे संपत आला, की मामांच्या ओट्यावर चपला मावत नाहीत. बियाण्याची पिशवी फोडायची का थांबायचं, हा सवाल.

“मामा, तुमच्याकडं पडला का?”

‘तुमच्याकडं’ म्हणजे मिनिकॉयला. मामा आभाळाकडं बघतात, डोळे मिटतात, माळेचा एक मणी ओढतात. “पडला. पण घाई करू नका.” हे उत्तर आजवर एकदाही चुकलेलं नाही, कारण ते चुकूच शकत नाही. मृग कोरडा गेला, की लोक हवामान खात्याला शिव्या घालतात आणि मामांना नमस्कार.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. जिल्हा ती टीव्हीवर बघत होता तेव्हा मामा एकटेच खवळले होते. “कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोड करून पिलालेत लोक. रोज लाखभर लिटर! २०११ ला आमच्या मिनिकॉयलाबी झालं. अन् आपण पाण्यासाठी रेल्वेची वाट बघलालोत.” कुणीतरी म्हणालं, “मामा, त्याला आधी समुद्र लागतो.” मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू समुद्र आणणं हे नगरपालिकेचं काम होतं आणि तिनं ते टाळलं.

मग जानेवारी २०२४ उजाडला. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो झळकले आणि मामांची किंमत तुरीच्याही वर गेली. पण त्याच लाटेत गावातलाच एक पुण्याला कंपनीत असलेला पोरगा सहकुटुंब लक्षद्वीपला जाऊन आला. हॉटेलात त्यानं मोबाइल उघडला. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, ड्रोननं वरून घेतलेलं. बाकावरची माणसं पहिल्यांदाच मामांकडं पाठ करून बसली.

मामांनी चष्मा लावून सगळं बघितलं. “कुठलं हे?”

“अगत्ती, मामा.”

“कसा गेलास?”

“विमानानं. कोचीहून दीड तास.”

मामांनी चष्मा काढला. “दीड तासात? उलटी झाली?”

“नाही हो.”

“मग तू बेट नाही बघितलास बाळा, विमानतळ बघितलास. उलटी झाल्याबिगर बेट येत नसतंय.”

हॉटेल हसलं, पोरगं हिरमुसलं. पण मामा दिलदार. एका गावात दोन बेटं राहायची तर रीतसर वाटणी हवी, म्हणून त्यांनी तिथल्या तिथं ती करून दिली. पोरगा सुट्टीवर आला, की वरच्या बाकावर बसून अगत्ती सांगतो, मामा खालच्या बाकावर मिनिकॉय. मधला बाक रिकामा ठेवायचा, ती नाइन डिग्री चॅनल. परवा एक परगावचा पाहुणा चुकून तिथं बसला, तर हॉटेलवाल्यानंच त्याला उठवलं, “उठा पाहुणे, जहाज जातंय तिथून.”