सपाटीवरचा माणूस

अमेरिकेतल्या ज्या राज्यात मी राहतो त्या व्हरमाँटची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास. आपलं सोलापूर शहरही यापेक्षा मोठं. राजधानी माँटपेलियरला जेमतेम आठ हजार माणसं. आपल्याकडे एवढ्या गावाला सरपंच पुरतो.

बाहेरून आलेल्याला इथे ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात, म्हणजे सपाटीवरचा. इथलं सर्वांत उंच शिखर माउंट मॅन्सफील्ड, १३४० मीटर. मी महाबळेश्वरचा. आमचा विल्सन पॉइंट १४३९ मीटर. हे मी एकदा शेजाऱ्यांना नकाशा काढून दाखवलं. ‘असेल,’ म्हणाले, आणि फावड्यानं बर्फ उपसू लागले.

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे गावसभा. राज्याला सुट्टी. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, मागच्या रांगेत बायकांचं विणकाम, दुपारी घरोघरचे डबे. कोरमअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभा बघत वाढलेल्या माणसाला एवढी गर्दी पाहून आधी वाटतं, काहीतरी फुकट वाटताहेत. गावाचं अख्खं बजेट चहा निवायच्या आत मंजूर झालं. मग रस्ते सपाट करणाऱ्या ग्रेडरचा विषय निघाला आणि पुढचे दोन तास कोणी जागचं हललं नाही.

कारण आता चिखलाचा मोसम. हिवाळा आणि वसंत यांच्या मधला हा पाचवा ऋतू. वरचं बर्फ वितळतं, खालची जमीन गोठलेलीच. पाणी मुरणार कुठे? राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे, त्यांची लापशी होते. त्यात पहिली गाडी जी चाकोरी पाडेल ती पुढच्या सगळ्यांची. चाकोरीबाहेर जा, असं आम्हाला शिकवणाऱ्या गुरुजींना एप्रिलमध्ये इथे एकदा गाडी चालवायला द्यायला हवी होती.

दोष तरी कोणाला देणार? १९६८ पासून रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांना इथे बंदी. त्यामुळे हा रस्ता कोणाच्या अथक प्रयत्नांतून झाला, हे कळायची सोयच नाही. शिवाय रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं, याच हवेत मेपलच्या झाडातून रस झरतो. चाळीस लिटर आटवावा तेव्हा लिटरभर पाक. त्यामुळे चिखलाची तक्रार सुरू झाली की दुसऱ्या वाक्याला पाकावर घसरते. ‘यंदा रस बरा आहे,’ की विषय संपला.

परवा माझी गाडी आसापर्यंत रुतली होती. तेव्हा मीही हात वर केला. मी नागरिक नाही, मतदार नाही. बोलायला सभेची परवानगी लागते. त्यासाठी रीतसर मतदान झालं. मिळाली परवानगी. मी उभा राहिलो, इंग्रजी जुळवून सगळी व्यथा मांडली: अंधार, उतार, मागे बसलेली बायको, ट्रॅक्टर येईपर्यंतचा दीड तास.

जिम शांत. रस्त्यांचं काम बघणारे गृहस्थ टोपी मागे सारत म्हणाले, ‘डाव्या चाकोरीत होता की उजव्या?’

‘उजव्या.’

मागच्या रांगेतल्या विणकामाच्या सुया थांबल्या. कोणीतरी हळहळलं, ‘सपाटीवरचा बिचारा.’