फ्लेक्सवरची लेक

आमच्या कुर्डुवाडीत फ्लेक्सचं एक शास्त्र आहे. डाव्या कोपऱ्यात दैवतं, उजव्या कोपऱ्यात पक्षाचे थोर नेते, मधोमध ज्याचा वाढदिवस तो, गॉगलसकट. खाली शुभेच्छुकांची रांग, एका गोलात एक मिशी. या रचनेत पदक जिंकून आलेली पोरगी कुठं बसवायची, हा फ्लेक्सवाल्यापुढं खरा पेच असतो. शेवटी तो तिला साहेबांच्या खांद्याशेजारी चिकटवतो, हातात पदक धरलेली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पदक साहेबांनी मारलंय आणि पोरगी ते धरायला उभी आहे. खाली ठळक अक्षरात, ‘आपल्या तालुक्याची लाडकी लेक’.

ही लेक निकाल लागल्यावर आपली होते. निकालाआधी ती फक्त कुणाची तरी पोरगी असते, आणि तिच्याबद्दल गावाला एकच प्रश्न असतो: अंधार पडेपर्यंत ही ग्राउंडवर करते काय?

किरण नवगिरेचंच घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची शेतकऱ्याची मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक, धावणं, क्रिकेट नंतर. एप्रिल 2022 मध्ये तिनं अरुणाचल प्रदेशाविरुद्ध टी-20 सामन्यात 76 चेंडूंत नाबाद 162 धावा काढल्या. टी-20 त दीडशेच्या पुढं गेलेली ती पहिली भारतीय, पुरुष धरून. त्या वेळी तिच्या अंगात जर्सी होती नागालँडची. मिऱ्याच्या पोरीला सोलापूरच्या डोळ्यांत भरायला नागालँडमार्गे यावं लागलं. रेल्वेच्या गावात राहतो म्हणून सांगतो, एवढा उलटा मार्ग मालगाडीलासुद्धा देत नाहीत.

पुढच्याच महिन्यात महिलांच्या टी-20 चॅलेंजमध्ये तिनं 34 चेंडूंत 69 धावा कुटल्या आणि सप्टेंबरात भारताची टोपी मिळवली. मार्च 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. यूपी वॉरियर्झकडून ती खेळायला उतरली तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचा स्टिकर नव्हता. त्या कोऱ्या बॅटवर तिनं पेननं लिहिलं होतं ‘एमएसडी 07’. आणि त्या बॅटनं अर्धशतक ठोकलं.

दुसऱ्या दिवशी काय बातमी झाली असेल? धोनीची जबरा फॅन! चॅनेलांनी बॅटचा क्लोजअप गोल करून दाखवला, बाण काढले, धोनीचे जुने षटकार मधे मधे पेरले. बातमीत धोनी जास्त आणि किरण कमी. भारताकडून खेळलेल्या बाईची बॅट कोरी का, एवढं विचारायला मात्र एकाही अँकरला घसा सापडला नाही. आपल्या गल्लीतल्या टेनिसबॉल स्पर्धेत ‘मॅन ऑफ द सिरीज’ला मोटारसायकल द्यायला दहा पुरस्कर्ते मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या जारवर नाव छापायलासुद्धा मिळतात. तिच्या बॅटवर हातभर जागा रिकामी होती.

ती जागा तिनं पुरुषाच्या नावानं भरली, म्हणून मी तिला दोष देणार नाही. तिच्या लहानपणी टीव्हीवर दिसायचा तो धोनी. मिताली राज त्या काळात देशासाठी धावांचे ढीग घालत होती, पण ते ढीग दाखवायला कॅमेरा कुठं होता? याच मितालीला 2017 च्या विश्वचषकाआधी एका पत्रकारानं विचारलं होतं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिनं उलट विचारलं, हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का, की तुमची आवडती महिला क्रिकेटपटू कोण? आमच्याकडं तालुक्याच्या पत्रकार परिषदेत हे घडलं असतं तर ‘मितालीचा पारा चढला’ असा मथळा लागला असता. आमच्या पत्रकार परिषदेत पहिल्या रांगेत बाई दिसलीच तर ती बहुधा नगरसेविका असते, आणि तिच्या वतीनं उत्तरं देत असतो तिचा नवरा.

असो. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात, महाराष्ट्राकडून खेळताना, पंजाबविरुद्ध किरणनं 34 चेंडूंत शतक केलं. महिलांच्या टी-20 क्रिकेटमधलं जगातलं सर्वांत वेगवान. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, 36 चेंडूंचा. हे वाचून चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, ‘समोर बोलिंगच नसंल.’ पुरुषानं 34 चेंडूंत शतक मारलं की तो वाघ, बाईनं मारलं की बोलिंग पडेल. पंधरवड्यानंतर, 2 नोव्हेंबरला, हरमनप्रीतच्या संघानं नवी मुंबईत विश्वचषक उचलला. तेव्हा हाच गडी फटाके उडवत होता. आमची जुनी लाइन जिथं संपायची त्या मिरजेशेजारच्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघात, म्हणजे तीही आपलीच लेक.

आता पैशाचं बोलू. सामन्याचं मानधन 2022 पासून सारखं झालं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, टी-20 ला 3. चांगली गोष्ट, टाळ्या वाजवा. मग वार्षिक करारांची 2024-25 ची यादी उघडा. महिलांमध्ये सर्वांत वरच्या ‘अ’ श्रेणीला 50 लाख. पुरुषांच्या ‘अ’ला 5 कोटी, आणि त्याच्याही वरच्या ‘अ प्लस’ला 7 कोटी. पुरुषांची सगळ्यांत खालची ‘क’ श्रेणी 1 कोटीची, म्हणजे स्मृतीच्या दुप्पट. हे सांगितलं की लगेच ‘बाजार’ नावाचे काका मदतीला धावून येतात. बाजार ठरवतो म्हणे. अहो, सामने दाखवायचे नाहीत, दाखवले तर दुपारच्या उन्हात रिकाम्या स्टेडियममध्ये दाखवायचे, आणि मग म्हणायचं बघणारा नाही. नवी मुंबईत त्या रात्री स्टेडियम भरलं होतं. बाजार काका त्या दिवशी गावाला गेले होते बहुतेक.

खो-खोचं बरं आहे. त्याला बॅट लागत नाही, त्यामुळे ती कोरी राहायचा प्रश्न नाही. दोन खांब, फक्की आणि पाय. म्हणूनच असेल, आमच्या लातूर लाइनीवरच्या धाराशिवमधून मुली खो-खोत पुढं आल्या. सारिका काळे भारताची कर्णधार झाली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवून जिंकला, तेव्हा कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. दुष्काळी पट्ट्यातल्या या मुलींच्या बातम्यांना एकच मसाला असतो: हलाखी. आई काय काम करायची, घर किती पत्र्यांचं, जेवण किती वेळचं. जणू उपासमार हा सरावाचाच भाग आहे आणि शासनानं तो मोफत पुरवलाय. तिची पोल डाइव्ह कशी होती, हे वाचायला मिळालं तर मला कळवा.

इथवर वाचून तुम्ही खुशीत माना डोलवल्या असतील. मैदानावरच्या मुलींची बाजू घेणं आता सोपं झालंय, सुना-मुलींसमोर बोललं तरी चालतं. आता जरा पंढरपूरच्या गाडीत बसू.

या लाइनीवर मोडनिंब लागतं. तिथल्या कलाकेंद्राचं नाव घेतलं की आमच्याकडचे पुरुष दोन प्रकारांनी हसतात. गेलेले एका प्रकारानं, न गेल्याचं सांगणारे दुसऱ्या. तिथं संगीत बारीत गाणारी-नाचणारी बाई, पार्टी बाईच्या नावावर, मालकीण बाई. घराचं पोट तिच्या घुंगरांवर, भावाची शाळा आणि भाच्याचं लग्नही तिच्याच पायांवर. फ्लेक्सवर तिचा फोटो कधी पाहिलात? तीही याच तालुक्याची लेक. पण ती गावाला रात्रीच ओळखीची असते.

याच लाइनीवर पुढं, पंढरपुरात, 1935 मध्ये तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मल्या. 1957 आणि 1990 असे दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान. त्यांची एक गोष्ट प्रत्येक सांस्कृतिक भाषणात येते: नऊ महिन्यांच्या गरोदर विठाबाई फडावर नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. वक्ता इथं थांबतो. टाळ्या पडतात. कलेवरची निष्ठा! भाषण देणारा स्वतः सर्दी झाली तरी दोन दिवस रजा टाकणारा असतो, पण तो मुद्दा वेगळा. नवव्या महिन्यात बाई फडावर का होती, सुपारी मोडली असती तर पोटाला कोण घालणार होतं, हे भाषणात येत नाही. जानेवारी 2002 मध्ये विठाबाई गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. 2006 मध्ये सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वेळेत मात्र आपण अगदी पक्के. बाई गेली की चार वर्षांनी गौरव.

एक गंमत सांगतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या देशाच्या 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात कारखाने, खाणी, मळे होतेच. पण घोडेस्वारीचे, कसरतीचे ‘आणि इतर’ खेळ करणाऱ्या संस्थाही त्यात धरल्या होत्या. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा. ‘इतर’ खेळांत तमाशाचा फड आणि संगीत बारी बसत होते की नाही, यावर वकिलांनी खुशाल भांडावं. पण भांडण लावायला आधी कुणीतरी कोर्टात जायला हवं होतं. तमाशावर पीएचडी करणारे भरपूर झाले, या ओळीवर दावा लावणारा माझ्या पाहण्यात नाही.

आणि कायद्यांचं निघालंच आहे तर हेही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर बापाच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारनं घेतला. केवढा पुरोगामीपणा म्हणून कौतुक झालं. शेजारच्या करमाळा तालुक्यातला एक पोरगा डॉक्टर झाला आणि त्यानं 1994 मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं. मुखपृष्ठावर नाव: किशोर शांताबाई काळे. आई तमाशात नाचणारी. सरकारला जे सुचायला तीस वर्षं लागली, ते त्यानं आपल्या नावातच लिहून ठेवलं होतं. बापाचा रकाना रिकामा होता म्हणून लिहिलं असंही म्हणा हवं तर. रकाना रिकामा ठेवणारे मात्र त्या फडाच्या पुढच्या रांगेत बसलेले प्रतिष्ठित होते.

कुर्डुवाडीत बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ 1897 मध्ये पडला. तो साडेपाच फुटी व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा सगळं एका वर्षात बदलेल असा माझा हट्ट नाही. पण एक काम या महिन्यातच जमण्यासारखं आहे. नगरपरिषदेनं आणि शाळांनी मैदानावर संध्याकाळी दिवे लावावेत, आणि मुलींना कपडे बदलायला एक खोली द्यावी, आतून कडी लागणारी. कडी आतून, हे मुद्दाम लिहितोय, कारण मी बघितलेल्या खोल्यांना ती बाहेरून असते.

दुसरं काम तुमच्याकडं. पुढच्या वेळी बैठकीची लावणी ऐकायला जाल तेव्हा तिकीट काढून, दिवसाउजेडी, बायकोला सांगून जा. बायकोलाच घेऊन गेलात तर उत्तम. तिथल्या मालकिणीला गाण्याची फर्माईश कराल ती कराच, पण आधी एवढं विचारा, की तिच्या पार्टीतली पोरगी बाळंतपणाला गेली तर तिच्या घरी पैसे कोण पोचवतं.