शेंडेखुडे काका

सोसायटीला सेक्रेटरी मिळता मिळत नाही, शेंडेखुडे काका मात्र न मागता मिळतात. सरकारी खात्यातून निवृत्त, सकाळी साडेसहाला गच्चीवर हजर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटी कात्री, पण ती शोभेची. खरं हत्यार उजव्या अंगठ्याचं नख. कुणाचंही मिरचीचं रोप वीतभर झालं, सहा-आठ पानांवर आलं, की काका वाकतात आणि ‘टच्’!

“घाबरू नका, वहिनी. शेंड्यात ऑक्झिन तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही. हा शेंडा म्हणजे साहेब. साहेबाची बदली झाली की सगळे कारकून कामाला लागतात!”

काका स्वतः जन्मभर कारकून होते, त्यामुळे हा सिद्धान्त ते जरा जास्तच जिव्हाळ्याने सांगतात.

इथवर त्यांचं शास्त्र बिनचूक आहे. शेवंतीचा, झेंडूचा शेंडा खुडतात, शेवग्याचाही छाटतात. पण मिरचीला ही विद्या उपजतच येते. ठरावीक पानं झाली की ती शेंड्यालाच कळी धरते, तिथेच बेचकं फुटतं, एकाच्या दोन फांद्या होतात, दोनाच्या चार. म्हणजे काका जे नखाने करतात, ते झाड आठ-पंधरा दिवसांत आपणहून करणार असतं. सावलीत नाहीतर दाटीत वाढून रोप लांबुडकं झालं असेल, तर शेंडा खुडून ते ठेंगणं, भरदार करण्यात अर्थ आहे. पण त्यापायी पहिली मिरची दोन-तीन आठवडे लांबते, हे ऐकायला काका थांबलेले नसतात. ते पुढच्या कुंडीपाशी पोचलेले असतात.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी आषाढात ज्वाला मिरची लावली. काकांनी शेंडा खुडला. फुटवे आले, काकांनी त्यांचेही शेंडे खुडले. गणपतीत काकूंनी भीत भीत विचारलं, “मिरच्या कधी हो लागणार?”

“आधी घेर, मग मिरची!”

दसऱ्याला झाडाला असा घेर आला की खालची कुंडी दिसेना. मिरच्या निघाल्या एका फोडणीपुरत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण काकांना तंबाखूची सवय. डाव्या तळहातावर मळायची, चिमूट दाढेखाली सोडायची आणि त्याच बोटांनी शेंडा खुडायचा. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळल्या पानातही टिकून राहतो आणि अशा हातांवरून थेट मिरचीच्या ताज्या जखमेत शिरतो. मग पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडतात. काका चष्मा कपाळावर सरकवून पान उलटसुलट करतात आणि निदान करतात, “बोकड्या आलाय. आंबट ताक मारा.” रोगही ते आणि वैद्यही तेच.

तुमच्याही गच्चीवर असे काका असतील, तर त्यांच्याशी भांडू नका, माणूस मनाचा चांगला असतो. त्यांना शेवंतीच्या कुंड्यांकडे वळवा. मिरचीला हात लावायचाच म्हणाले, तर आधी साबण पुढे करा. आणि बेचक्यात पहिली कळी दिसली की कुंडी गुपचूप पाण्याच्या टाकीमागे हलवा. तिथे ऊन चांगलं येतं आणि काकांच्या गुडघ्यांना तेवढी चढण झेपत नाही.