शेतकऱ्यांच्या भल्यासाठी दोन घोट

अमरावतीतला सुशिक्षित माणूस आता पीत नाही. तो बुधवारी संध्याकाळी ‘टेस्टिंग’ला जातो. जागा तीच, कालपर्यंत जिला सगळे परमिट रूम म्हणत होते. उजेडही तेवढाच, म्हणजे पलीकडच्या टेबलावर आपला साडू बसलाय की सासरा हे कळू नये इतपत. क्वार्टरच्या जागी लांब दांड्याचे ग्लास आलेत आणि शेव-फुटाण्यांशेजारी चीजचे चौकोनी तुकडे काड्या टोचून मांडलेत, एवढाच काय तो फरक. हे ऐकून अकोलेकर कसे मागं राहणार? त्यांनी शुक्रवार धरला. गुरुवार सोयीचा नव्हता. शेगाव जवळ आहे, गुरुवारी अकोल्यात भले भले सोवळे असतात.

अमरावतीची मंडळी ठरलेली. एक वकीलसाहेब, एक दाताचे डॉक्टर, दोन प्राध्यापक, एक कृषी केंद्रवाले, वरूडकडचे एक बागायतदार आणि बिल देणारे एक ठेकेदार. शिकवायला ठेकेदारांचा पुतण्या, जो नाशिकला दोन दिवस राहून तज्ज्ञ होऊन परतला. त्यानं सांगितलं, ग्लास तिरपा करा, रंग पाहा, गोल फिरवा, नाक आत घाला, घोट तोंडात घोळवा आणि थुंका.

थुंका म्हटल्यावर कृषी केंद्रवाले चपापले. “थुकाले पैसे कायले देऊ बापा? ते तं मी फुकटात करतो.”

या एका बाबतीत वऱ्हाडाला कुणी शिकवू नये. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या माणसाची नेमबाजी फ्रेंचांनी येऊन पाहावी. तीच गोष्ट टॅनिनची. रेड वाईन प्यायल्यावर जीभ, हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या होतात, ते टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, असं पुतण्या फार समजावून सांगत होता. सुपारीत तेच भरलेलं असतं. पंधरा वर्षं गालात खर्रा धरून बसलेल्या माणसाला टॅनिनची ओळख करून देणं म्हणजे माहेरच्या माणसाला घरचा पत्ता सांगणं.

पहिली आली सोविन्यों ब्लां. पुतण्या म्हणाला, हिच्यात ढोबळ्या मिरचीचा वास येतो. येतो खरा. पायराझिन नावाचं एकच रसायन दोन्हींत असतं. पण हे ऐकेपर्यंत एकालाही मिरची आली नव्हती. ऐकल्याबरोबर सातही जणांना आली. वकीलसाहेबांना तर मिरची कोणत्या तालुक्यातली हेही कळलं. त्यांना हसू नये. फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकानं २००१ साली वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढं व्हाईट वाईन लाल रंग घालून ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. आपले वकीलसाहेब तर दिवाणी बाजूचे आहेत.

मग शिराझ. तिच्यात मिऱ्याचा वास, तोही खरा. पुतण्याच्या मते ती रूम टेम्परेचरला द्यायची. हा नियम युरोपातल्या गार दगडी घरांत ठरला, सोळा ते अठरा अंशांच्या हिशेबानं. मे महिन्यात अकोल्यात पारा सेहेचाळीसच्या वर जातो. तिथं रूम टेम्परेचरच्या शिराझवर चहापत्ती टाकली की झालं. अकोल्याच्या मंडळींनी त्यांच्या शुक्रवारी शेवटी त्यात बर्फ घातला. पुतण्यानं डोळे मिटून घेतले.

पुढचा ग्लास नारिंगी रंगाचा. पुतण्या म्हणाला, ही ऑरेंज. वरूडचे बागायतदार खुर्चीत सावरून बसले. आंबिया बहाराची गळ लागली की या माणसानं बांधावर सडणाऱ्या संत्र्यांचे ढीग पाहिलेत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी संत्र्याचं काहीतरी केलं, म्हणून त्यांनी घोट घेतला. “याच्यात संत्रं कुठी हाये?” संत्रं नव्हतंच. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवला की असा रंग येतो. जॉर्जिया देशात मातीचे रांजण जमिनीत पुरून ती करत आलेत. बागायतदारांनी ग्लास शांतपणे ठेवला आणि ‘नेहमीची’ मागवली.

मतदानात पहिली आली गोव्याची स्वस्त पोर्ट. कारण ती गोड. बाकी सगळ्या आंबट, आणि मुख्य तक्रार वेगळीच होती. “चार ग्लास झाले, अजून काईच कसं वाटून नाई राह्यलं?” व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के, वाईनमध्ये बारा ते चौदा. वऱ्हाडी माणूस शिकलेला असो की नसो, हा भागाकार त्याला तोंडपाठ असतो.

तरी लोक येतात, कारण इथं पिण्याला प्रतिष्ठा आहे. घरी विचारलं तर सांगता येतं, दारू नाही, वाईन होती. खुद्द तेव्हाच्या सरकार पक्षानंच तसं सांगितलंय. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाईन विकायला परवानगी दिली, तेव्हा तिला दारू म्हणू नका, हे शेतकऱ्यांच्या भल्यासाठी आहे, असं संजय राऊतांनी समजावलं होतं. देवेंद्र फडणवीसांनी महाराष्ट्राचा मद्यराष्ट्र होऊ देणार नाही असं बजावलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय रखडला. पण ‘शेतकऱ्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द मात्र ठेकेदारांच्या मनात घर करून बसले. तेव्हापासून ते प्रत्येक ग्लासाला म्हणतात, “हा शेतकऱ्यासाठी.”

कोणत्या शेतकऱ्यासाठी, हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण बिल तेच देतात. राज्यानं २००१ साली वाईनसाठी खास धोरण आणलं. द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली, पुढं वीस टक्के व्हॅटमधले सोळा टक्के उत्पादकाला परत मिळू लागले. याचा अर्थ असा की देशी पिणारा मजूर तिजोरीत पैसा टाकतो आणि टेस्टिंगवाले वकीलसाहेब सवलतीत घोट घोळवतात. द्राक्षं नाशिकची, सांगलीची. वऱ्हाडात पिकतो कापूस, सोयाबीन, तूर, संत्रं. म्हणजे वऱ्हाडी माणसानं प्यायचं आणि भलं व्हायचं निफाडच्या शेतकऱ्याचं. अनुशेषाची भाषणं ऐकून कान किटलेल्या या मुलखानं आता यकृतही अनुशेषात टाकायला हरकत नाही.

आणि वऱ्हाडाकडं आपलं काही नाही असंही नाही. याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. तिथं कोरकू माणूस मोहाची वाळलेली फुलं भिजवतो, आंबवतो, भट्टीवर गाळतो. पहिल्या धारेची हातावर घेऊन हुंगणारा म्हातारा त्या पुतण्यापेक्षा जास्त जाणतो. फुलं कोणत्या उन्हात वाळली, आंबायला घाई केली का, धूर लागला का, सगळं तो एका घोटात सांगेल. पण नाशिकला द्राक्षं आंबवली की उद्योग आणि मेळघाटात मोह आंबवला की सडवा. तो नष्ट केल्याची बातमी छायाचित्रासह छापून येते. धारणीच्या पलीकडं मध्य प्रदेश सुरू होतो, तिथल्या सरकारनं आदिवासींच्या मोहाच्या दारूला हेरिटेजचा दर्जा देऊन बाटलीत भरलंय. गोव्यानं काजूच्या फेणीला २०१६ साली वारसा पेय केलं. आपल्याकडं २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. फुलं वेचा, पण पुढचं विचारू नका.

वर्धा नदीच्या पलीकडं तर वर्धा जिल्हाच कोरडा, तिथं द्राक्ष की मोह हा प्रश्नच येत नाही. नदीच्या अलीकडं आम्ही गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठातले प्राध्यापक टेस्टिंगला बसवतो. बाबा असते तर त्यांनी खराटा हातात घेऊन नेमकं कोणतं टेबल आधी गाठलं असतं, हे मी सांगायला नको.

तेव्हा उत्पादन शुल्क खात्याला एक विनंती. पुढच्या बुधवारी त्या ग्लासांत एक मोहाचा ठेवू द्या, नाव झाकून. पुतण्याला त्यात मध, मनुका, धूर, काय काय सापडेल ते लिहून घेऊ आणि मग कागद उलगडू. आणि वाचकहो, तुम्ही येणार असाल तर गाडी घरी ठेवा, वयाचा दाखला आणा. वाईनला २१ पूर्ण लागतात, कडक दारूला २५. दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळं शेतकऱ्याचं भलं करायलाही परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो.