मधोमध काय आहे?

गोल फिरण्याचं ठाणेकरांना कधीच वावडं नव्हतं. संध्याकाळी तलावपाळीला पाहावं, निम्मं शहर मासुंद्याला फेऱ्या घालत असतं. पेन्शनर एका दिशेने, नवी जोडपी उलट्या दिशेने, आणि दर फेरीला समोरासमोर आले की दोघंही नव्याने ओळख दाखवतात. कुठे निघालात, असं तिथे कुणी विचारत नाही. तोच माणूस रविवारी येऊरच्या डोंगरात शिरला आणि पायपीट करून निघाला तिथेच परतला, की मात्र घरच्यांना हिशोब हवा असतो. आमच्या वाटेवर ना किल्ला, ना सुळका. "मग गेलातच कशाला?" आई विचारते. तिला ब्रह्मगिरीची आठवण दिली. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला हजारो माणसं डोंगराला फेरी घालून निघाल्या जागीच येतात, त्यांत एकदा तीही होती. "तिथे मधोमध देव आहे," ती म्हणाली. येऊरच्या फेरीच्या मधोमध बिबट्या आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

उपवनला बसमधून उतरायचं, वळणाच्या रस्त्याने वनखात्याची चौकी ओलांडायची, पाड्यामागून ओढ्याच्या घळीत उतरायचं आणि पायथ्यापायथ्याने पुन्हा त्याच रस्त्याला लागायचं. घळीत शिरलं की शहराचा गोंगाट असा थांबतो, जणू कुणी माजघराचं दार लोटून घेतलं. मग ऐकू येतो आपलाच श्वास, तोही चारचौघांत शोभणार नाही एवढा मोठा. दोन्ही अंगांना कारवी. पान हाताला खरखरीत, काठी सरळसोट. याच काठ्यांचे कूड बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून वारल्यांची घरं उभी राहिली. सात वर्षं ही झुडपं मुकाट्याने नुसती पानं सांभाळतात आणि आठव्या वर्षी, जणू आतून ठरवून, सगळा डोंगर जांभळा करतात. २०१६ साली केला, २०२४ साली केला. मधल्या वर्षांत तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, आणि कारवीलाही त्याचं काही वाटत नसावं.

सोबतीला डोंबिवलीचा मेहुणा असतो. नोकरीभर तो सकाळी आधी उलटा कल्याणला गेला, तिथे खिडकी पकडली आणि आपल्याच स्टेशनावरून ऐटीत बसून मुंबईला गेला. पुढे जायला आधी मागे जावं लागतं, हे त्याला कुठल्या पोथीने शिकवलेलं नाही. गोल वाटेबद्दल त्याची तक्रार नसते. फक्त दर फाट्यावर सवयीने घड्याळ पाहतो. चिखलात पंजाचा ठसा दिसला तेव्हा वाकून म्हणाला, "हापण आपल्यातलाच. रोजचा अपडाऊनवाला."

गेल्या मे महिन्यात पाड्याशी डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी भेटली. "कुठं जाऊन आलात?" कुठंच नाही, इथूनच निघालो, इथेच आलो, म्हटलं. तिने आमचे रिकामे हात पाहिले, मोळी एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताने पदराच्या गाठीतली मूठभर करवंदं मेहुण्याच्या ओंजळीत घातली. एवढं चालून माणसांनी घरी काहीच न्यायचं नाही, हे तिला बघवलं नसावं.

कारवी आता २०३२ साली फुलेल. तोवर जायचं असेल तर जरूर जा, पण भर पावसात घळीत उतरू नका आणि दिवस मावळायच्या आत चौकीबाहेर या. रात्रीची फेरी दुसऱ्या कुणाची तरी असते.