मेणातले वैराग्य

८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मोत्सव. त्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर तिची, म्हणजे मोतमाउलीची जत्रा आठवडाभर भरते, आणि ऐहिक प्रपंचाचा मोह सोडून पारलौकिकाकडे दृष्टी कशी लावावी, याचा वस्तुपाठ ज्यांना हवा असेल त्यांनी तेथील मेणाची दुकाने अवश्य पाहावीत. नवसापोटी तिच्यापुढे वाहायचे मेणाचे हात, पाय, काळीज हे जुने जिन्नस तर आहेतच. परंतु बंगला, मोटार, विमान, आणि परदेशगमनेच्छूंकरिता पारपत्रसुद्धा तेथे मेणात सिद्ध मिळते.

पृथ्वीवर संपत्ती साठवू नये, तिला कसर लागते व गंज चढतो, असा शुभवर्तमानाचा इशारा आहे. मेणाच्या बंगल्याला यांपैकी एकही बाधा संभवत नाही, तेव्हा आज्ञेचे पालन अक्षरशः झाले, हे कोणत्याही निष्पक्ष मनुष्यास कबूल करावे लागेल. शिवाय अर्ज थेट हुजुरांकडे न जाता आईसाहेबांच्या मार्फत रुजू होतो, हेही दरबारी रिवाजास धरूनच.

आता एवढीच सुधारणा व्हावी की, स्वर्गीय दप्तरात घोटाळा होऊ नये म्हणून बंगल्यासोबत सात-बाराचा उतारा, मोटारीसोबत रंगाचा तपशील आणि पारपत्रासोबत इच्छित देशाचा शिक्काही मेणातच जोडण्याची तजवीज असावी. आत्म्याचा साचा मात्र अद्याप कोणी पाडल्याचे ऐकिवात नाही, गिऱ्हाईक नसावे. भाविकांनी सदनिकेवर चटईक्षेत्र सुवाच्य अक्षरांत कोरून आणावे, ही नम्र विनंती.